श्वासातली धूळ मोजायची कशी? सिलिका, कामगार आणि मोजमापाचा वाद

कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एखाद्या फाउंड्रीच्या फेटलिंग विभागात कामगार दिवसभर हँड ग्राइंडर चालवतो. ओतीव नगाला चिकटलेली जळकी वाळू आणि कडेचा फालतू लोखंडाचा पापुद्रा काढणं हे त्याचं काम. संध्याकाळपर्यंत त्याच्या फुप्फुसात किती सिलिका गेली? प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्याचं उत्तर शोधता शोधता शंभर वर्षं उलटली. उपकरणांचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. आजचे मतभेद वेगळ्याच गोष्टींवर आहेत: कोणाची धूळ मोजायची, किती दिवस मोजायची, आलेला आकडा कोणत्या मर्यादेशी ताडायचा, आणि मुळात मोजल्याशिवाय उपाय करताच येत नाहीत का.

घातक पदार्थ शेकडो आहेत. या आढाव्यासाठी सिलिका निवडली, कारण ती वाळूत आहे, दगडात आहे, सिमेंट-काँक्रीटमध्ये आहे, आणि तिच्यामुळे फुप्फुसाला होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. काम सुटलं तरी तो वाढत राहू शकतो, क्षयरोगाला वाट मोकळी करून देतो, आणि १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकली. साधारणपणे रोग दिसायला दहा-वीस वर्षं लागतात. एक्स-रेवर ठिपके उमटतात तेव्हा उशीर झालेला असतो. हवा मोजण्याचा सगळा खटाटोप म्हणूनच आहे.

पार्श्वभूमी

धंद्यामुळे माणसं आजारी पडतात हे इटलीतल्या रामाझिनीने १७०० साली पुस्तकरूपाने मांडलं आणि वैद्याने रोग्याला त्याचा धंदा विचारावा असा आग्रह धरला. मोजमाप मात्र विसाव्या शतकातलं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत १९१६ च्या सुमारास कोनीमीटर आलं. ते हवेचा एक झोत काचेवर आपटवत असे आणि चिकटलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जात. १९२२ मध्ये अमेरिकेत इम्पिंजर आलं, त्यात धूळ द्रवात पकडली जाई. दोन्हींचं उत्तर कणांच्या संख्येत मिळायचं.

पुढे लक्षात आलं की कण किती यापेक्षा कोणते कण खोलवर पोचतात हे महत्त्वाचं. मोठे कण नाकात, घशात अडकतात. काही मायक्रॉनचे बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत जातात, आणि ते डोळ्यांना दिसतही नाहीत. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५२ साली ‘श्वसनीय धूळ’ कशाला म्हणायचं याची व्याख्या केली. १९५९ च्या जोहान्सबर्ग परिषदेने ती उचलून धरली, आणि कण मोजण्याऐवजी वजन करण्याकडे शास्त्र वळलं.

तिसरा बदल मला सर्वांत मोठा वाटतो. १९६० साली ब्रिटनच्या हारवेल अणुसंशोधन केंद्रातल्या शेरवुड आणि ग्रीनहाल्घ यांनी कामगाराच्या अंगावर बसणारा छोटा पंप वापरला. तोवर उपकरण शेडच्या मधोमध तिवईवर ठेवलं जाई. कामगार मात्र मधोमध उभा नसतो, तो ग्राइंडरवर वाकलेला असतो. कॉलरवरचा आकडा अनेकदा तिवईवरच्या आकड्याच्या कितीतरी पट निघतो. आज वैयक्तिक नमुना हाच आधार मानला जातो, तरी कारखान्यांच्या फायलींत तिवईवरचे अहवाल अजून सापडतात. ते स्वस्त पडतात आणि कामगाराला त्रास होत नाही, हे त्यांच्या बाजूचं म्हणणं. गळती शोधायला, पंखा-हूड चालतो का बघायला ते उपयोगीही आहेत. माणसाच्या छातीत काय गेलं हे मात्र त्यांतून कळत नाही.

एका नमुन्याचं गणित

पद्धत थोडी जवळून पाहू. पट्ट्याला पंप, पाठीवरून नळी, कॉलरला क्लिपने अडकवलेला सायक्लोन. नाकातोंडापासून साधारण तीस सेंटिमीटरच्या आत तो असावा लागतो. सायक्लोनमध्ये हवा गरागरा फिरते, जड कण खालच्या भांड्यात पडतात आणि बारीक धूळ वरच्या फिल्टरवर जमते. हे विभाजन हवेच्या वेगावर अवलंबून असल्याने पाळी सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर प्रवाह तपासावा लागतो. पंप मध्येच मंदावला तर जाड धूळही आत शिरते. कामगाराने वाकताना सायक्लोन उलटा केला, तर खालच्या भांड्यातला जड माल फिल्टरवर सांडतो आणि दिवसाची मेहनत वाया जाते. फेटलिंगचं काम वाकूनच होतं.

आता आकडे. नायलॉन सायक्लोनसाठी प्रवाह मिनिटाला १.७ लिटर. आठ तासांत ८१६ लिटर, म्हणजे एक घनमीटरलाही कमी. हवेत सिलिका घनमीटरमागे ०.०५ मिलिग्रॅम असेल, तर फिल्टरवर जमणार सुमारे ४१ मायक्रोग्रॅम. मिठाचा एखादा दाणाही याहून जड भरेल. मर्यादा ०.०२५ केली की उरतात वीस मायक्रोग्रॅम. तेही लोखंडाची भुकटी, कोळसा आणि बाइंडरच्या राखेत मिसळलेले. त्यातून क्वार्ट्झ वेगळा ओळखायला एक्स-रे विवर्तन किंवा अवरक्त वर्णपटमापन लागतं. प्रयोगशाळा सराईत नसेल तर या पातळीवर दोन ठिकाणची उत्तरं जुळत नाहीत. मर्यादा आणखी खाली आणण्याला जे विरोध करतात, त्यांचा एक मुद्दा हाच: जे विश्वासाने मोजता येत नाही त्याचा नियम करून काय उपयोग? उलट बाजू सांगते, जास्त प्रवाहाचे नवे नमुनासंग्राहक आले आहेत, नियम कडक झाला की तंत्र मागोमाग येतं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

मर्यादा कोण ठरवतो?

अमेरिकेतल्या शासकीय औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एसीजीआयएचने, १९४६ पासून मर्यादांच्या याद्या काढायला सुरुवात केली. ‘थ्रेशोल्ड लिमिट व्हॅल्यू’ या नावाने त्या जगभर गेल्या. बहुतेक कामगार रोज या पातळीत काम करूनही आजारी पडणार नाहीत, असं त्यामागचं गृहीतक. भारतासह अनेक देशांनी कमीअधिक फरकाने त्या उचलल्या.

१९८८ मध्ये कॅसलमन आणि झीम यांनी या मर्यादा ठरवताना उद्योगांचा हात कसा होता याचा हिशेब मांडला. अनेक पदार्थांसाठी पुरावा कंपन्यांकडून आलेला, अप्रकाशित होता. दोनच वर्षांनी रोच आणि रॅपापोर्ट यांनी मूळ अभ्यास उलटून पाहिले आणि दाखवलं की कित्येक मर्यादांच्या खालीही लोक आजारी पडत होते. संघटनेच्या बाजूने उत्तर असं की या मर्यादा कायदा म्हणून कधी काढल्याच नव्हत्या, त्या तज्ज्ञांसाठी मार्गदर्शक होत्या, आणि नवा पुरावा आला तशा त्या खाली आणल्या गेल्या. सिलिकासाठी २००६ मध्ये ०.०२५ ची शिफारस झाली, ती याच वाटेने.

दुसरा मार्ग उघडपणे जोखमीचा. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेन्झिनच्या खटल्यात सरकारला सांगितलं की आधी ‘लक्षणीय जोखीम’ आहे हे दाखवा. हजारांत एक मृत्यू लक्षणीय मानता येईल, अब्जात एक नाही, असा अंदाजे गज न्यायालयाने दिला. तेव्हापासून तिथली चर्चा हजारी मृत्यूंच्या भाषेत चालते. जर्मनीने हा हिशेब आणखी मोकळा केला. कर्करोगकारकांसाठी हजारात चार ही सहन करण्याची वरची सीमा, आणि त्याच्या खूप खाली स्वीकारार्ह पातळी, असे दोन उंबरठे तिथे ठेवले आहेत. समर्थक याला प्रामाणिकपणा म्हणतात, कारण शून्य जोखमीचा आव त्यात नाही. काही कामगार संघटनांना त्याच आकड्यांत कामगाराच्या जिवाचा भाव ठरवलेला दिसतो. हा वाद विज्ञानाने मिटणारा नाही, कारण तो मुळात विज्ञानाचा नाहीच.

भारताचा नियम वेगळ्याच साच्यातला आहे. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत श्वसनीय धुळीची मर्यादा सूत्राने दिली आहे: दहा भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक दोन). धुळीत २० टक्के क्वार्ट्झ असेल तर मर्यादा ०.४५ मिलिग्रॅम, म्हणजे नुसत्या क्वार्ट्झची ०.०९. टक्केवारी अगदीच कमी नसेल तर क्वार्ट्झचा आकडा ०.०७ ते ०.१० च्या दरम्यान घोटाळतो. हेच सूत्र अमेरिकेतही होतं. २०१६ मध्ये त्यांनी ते टाकून सरळ ०.०५ केलं, आणि त्या पातळीलाही लक्षणीय जोखीम उरते हे नियमासोबत कबूल केलं. आपल्या अनुसूचीत त्याच जागी कणसंख्येचं सूत्रही छापलेलं आहे, इम्पिंजरच्या जमान्याची खूण म्हणून.

मर्यादा निम्म्यावर आणा, ही मागणी भारतातही आहे. तिच्यावर एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. आजची सैल मर्यादाच जिथे पाळली जात नाही आणि मोजलीही जात नाही, तिथे कागदावरचा आकडा खाली आणून कुणाची छाती वाचणार?

किती वेळा मोजायचं?

कारखान्यात वर्षातून एकदा, दोनतीन कामगारांवर, एका पाळीत मोजणी होते आणि ‘मर्यादेत’ असा शेरा पडतो. या शेऱ्याचं वजन किती? धुळीचे आकडे दिवसागणिक उड्या मारतात. वाऱ्याची दिशा, मालाचा आकार, एक्झॉस्ट पंख्याचा सैल झालेला बेल्ट, सगळं त्यात येतं. बरेच दिवस कमी, काही दिवस खूप जास्त, अशी ही लांब शेपटीची वाटणी असते.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, एखाद्या जागी मधला आकडा मर्यादेच्या ४० टक्के आहे आणि चढउतार या कामांत नेहमी दिसतो तेवढा, भौमितिक प्रमाण विचलन २.५. गणित सांगतं की तिथे साधारण दर सहा दिवसांतला एक दिवस मर्यादेबाहेर जातो. तरीही अचानक एका दिवशी मोजलं तर ‘मर्यादेत’ असं उत्तर येण्याची शक्यता ८४ टक्के. तीन दिवस मोजलं तरी तिन्ही वेळा पास होण्याची शक्यता ५९ टक्के उरते. कोणी काही लपवलं नाही, उपकरण अचूक आहे, असं धरूनही.

त्यात माणसामाणसांतला फरक मिळवा. क्रोमहाउट, सिमान्स्की आणि रॅपापोर्ट यांनी १९९३ मध्ये निरनिराळ्या उद्योगांतल्या १६५ कामगार-गटांच्या मोजण्या एकत्र तपासल्या. एकच काम, एकच कारखाना असूनही फक्त चौथाई गटांत कामगारांच्या सरासऱ्या दुपटीच्या आत होत्या. साधारण तीस टक्के गटांत हा फरक दहापटीहून जास्त निघाला. एक कामगार वाऱ्याच्या बाजूने उभा राहतो, दुसरा कपडे हवेच्या पाइपने झटकतो, एवढ्यानेही आकडा बदलतो.

यावर युरोपचं ईएन ६८९ हे मानक, २०१८ च्या आवृत्तीत, असा तोडगा काढतं: तीनच मोजण्या करायच्या असतील तर तिन्ही मर्यादेच्या दहाव्या हिश्शाखाली हव्यात, पाच असतील तर पाचव्या हिश्शाखाली. नाहीतर किमान सहा मोजण्या करून संख्याशास्त्रीय कसोटी लावा. नियम कडक आहे, पण त्यातही विश्वासाची पातळी ७० टक्क्यांवर ठेवली आहे. ९५ टक्के मागितली असती तर छोट्या उद्योगांना मोजण्यांचा खर्च झेपला नसता, हा व्यवहार. दुसरा गट बेझियन पद्धतीकडे झुकतो. तज्ज्ञाचा अंदाज आधी लिहून घ्या, मग थोड्या मोजण्यांनी तो दुरुस्त करा. अडचण अशी की तज्ज्ञांच्या अंदाजांची चाचणी घेतली तेव्हा ते धोका कमी लेखण्याकडे झुकलेले दिसले. संख्याशास्त्राचं थोडं प्रशिक्षण दिलं की अंदाज सुधारतात, हेही त्याच चाचण्यांत दिसलं.

न मोजता उपाय

१९९९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाने छोट्या उद्योगांसाठी वेगळी वाट काढली. पदार्थ किती घातक, किती वापरता, किती उडतो, एवढं सांगा, आणि तक्ता तुम्हाला उपाय सांगेल. याला नियंत्रण-पट्ट्यांची पद्धत म्हणतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ती विकसनशील देशांसाठी पुढे नेली. बाजूचे लोक म्हणतात, दगड कोरडा कापला की धूळ उडते हे सांगायला पंप लागत नाही, मोजणीचे पैसे पाण्याच्या फवाऱ्याला द्या. विरोधक म्हणतात, तक्त्याने सुचवलेला उपाय प्रत्यक्षात पुरेसा ठरतो का हे काही कामांत तपासलं तेव्हा तो कमी पडला, आणि मोजणीच नसेल तर ते कळणार कसं?

अमेरिकेच्या २०१६ च्या नियमाने मधला मार्ग धरला. बांधकामातली अठरा कामं यादीत घातली, प्रत्येकापुढे उपाय लिहिला. तो उपाय जसाच्या तसा केला तर मोजणी माफ. यादीबाहेर गेलात तर मोजा. हा उपाय मला आपल्याकडच्या खडी क्रशरला आणि बांधकामाला सर्वांत जवळचा वाटतो. पण त्याची एक अट सहसा विसरली जाते: ती यादी बनवण्याआधी कोणीतरी त्या प्रत्येक कामाच्या भरपूर मोजण्या केलेल्या होत्या.

मोजून-मापून भागत नाही तेव्हा पदार्थच हद्दपार करणं ही शेवटची पायरी. स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडात सिलिका नव्वद टक्क्यांच्या आसपास असू शकते. स्पेन, इस्रायल, ऑस्ट्रेलियात तरुण कारागिरांना झपाट्याने वाढणारा सिलिकोसिस दिसला, आणि १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने हा दगड बंद केला.

शरीरात मोजणं

हवेऐवजी रक्त-लघवी तपासावी, या मताला शिशाच्या बाबतीत यश आलं. रक्तातलं शिसं हवेतल्यापेक्षा खरी गोष्ट सांगतं, कारण हातावरून, बिडीवरून, डब्यातून गेलेलंही त्यात धरलं जातं. कीटकनाशकांसाठी कोलिनेस्टरेज चाचणी आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतमजूर आणि शेतकरी दगावले. कापसाच्या उंच झाडांत फवारणाऱ्याच्या पट्ट्याला पंप लावणं कल्पनेतच राहतं, रक्ताची साधी चाचणी मात्र तालुक्याला व्हायला हवी, हा मुद्दा त्यातून ठळक झाला.

सिलिकाची गोष्ट अवघड. ती रक्तात मोजता येत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने सीसी-१६ या फुप्फुसातल्या प्रथिनावर आधारित चाचणी विकसित केली आहे. सिलिकाने फुप्फुस दुखावलं की रक्तातलं हे प्रथिन कमी होतं. एक्स-रेच्या आधी इशारा मिळेल ही आशा. आक्षेप असा की बिडी-सिगारेटनेही ते कमी होतं, म्हणून चाळणीसाठी चाचणी ठीक, निदानासाठी नाही. शिवाय या वाटेवर एक जुनी शंका कायम आहे: शरीर मोजायला लागलो की हवा दुरुस्त करण्याऐवजी आजारी कामगाराला घरी पाठवणं सोपं होतं. कंत्राटी कामगार तपासणीला कचरतो तो याच भीतीने, आणि ती भीती निराधार नाही.

आपल्याकडची पोकळी

कोलारच्या सोन्याच्या खाणींतून सिलिकोसिसच्या नोंदी १९३४ पासून आहेत. १९४७ च्या पाहणीत तपासलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त खाणकामगार बाधित निघाले. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला, आपल्या पिढ्यांनी जिने पाटीवर गिरवलं ती दगडी पेन्सिल कापणाऱ्यांत १९८० च्या दशकात निम्म्याहून अधिक. खंबातचे अकीक घासणारे, राजस्थानचे दगडफोडे हीच कहाणी सांगतात. म्हणजे रोग नवा नाही आणि अज्ञातही नाही.

पण या सगळ्यांपैकी बहुतेक जण त्या पट्ट्यावरच्या पंपाच्या कक्षेबाहेर आहेत. कारखाने कायद्याची व्याख्या वीज वापरणाऱ्या दहा कामगारांपासून सुरू व्हायची. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती वीसवर नेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ती संहिता लागू केली. घातक कामं संख्येची अट न लावता कक्षेत आणण्याची मुभा सरकारला आहे, असं समर्थक दाखवतात. मुभा आणि अंमल यांत अंतर असतं, हे टीकाकार दाखवतात. वाघोली-मोशीकडचा क्रशर किंवा कणकवलीजवळ कासार्डेची सिलिका वाळू चाळणारं युनिट यांतल्या कोणत्या बाजूला पडेल, ते नियमांच्या तपशिलावर ठरेल.

राजस्थानने २०१९ च्या धोरणात वेगळं सूत्र स्वीकारलं. वैद्यकीय मंडळाने सिलिकोसिस प्रमाणित केला की तीन लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला आणखी दोन लाख, कोणत्या मालकाकडे किती धूळ खाल्ली याचा पुरावा न मागता. कामगाराला मदत पोचवणारा हा देशातला सर्वांत सरळ रस्ता म्हणावा लागेल. त्याच वेळी त्यातून मालक सुटतो आणि बोजा सरकारवर येतो, ही टीकाही खरी आहे. कर्मचारी भरपाई कायद्याने जायचं तर मालक-नोकर नातं आणि त्या कामावरचा काळ दाखवावा लागतो. ठेकेदार बदलणाऱ्या मजुराकडे यातलं काहीच नसतं. त्यात सिलिकोसिसला क्षय समजून वर्षानुवर्षं औषधं चालू राहतात.

काय सुटलेलं नाही

स्वस्त सेन्सर दर मिनिटाला आकडा देतात. धूळ नेमकी कोणत्या क्षणी उडते हे दाखवायला ते उत्तम, पण सिलिका आणि साधी माती त्यांना वेगळी ओळखता येत नाही. तीव्र झटके सरासरीपेक्षा जास्त घातक असतात का, यावर स्कॉटलंडच्या खाणकामगारांच्या अभ्यासाने होय असा कौल दिला आहे. नियम मात्र आठ तासांच्या सरासरीवरच उभे आहेत. फाउंड्रीत सिलिकेबरोबर धूर, उष्णता, बाइंडरची रसायनं एकाच छातीत जातात, आणि मर्यादा एकेका पदार्थाची वेगळी असते.

आणि नोंदींचं काय? रोग वीस वर्षांनी येतो, तर वीस वर्षांपूर्वीचा आकडा कुठेतरी असायला हवा. अमेरिकेत संपर्काच्या नोंदी तीस वर्षं ठेवाव्या लागतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितलं. ती जबाबदारी मालकाची. बिहारमधून येऊन दोन वर्षं शिरोलीत, मग राजकोटला, मग एखाद्या बांधकामावर जाणाऱ्या माणसाचे आकडे, मोजले गेलेच तर, तीन मालकांच्या तीन फायलींत राहतात. ते त्याच्या नावावर एकत्र यावेत, ई-श्रमसारख्या नोंदणीला जोडावेत, असं सुचवता येईल. त्यावर मालकांचा आक्षेप अपुऱ्या मोजणीचे आकडे भरपाईच्या दाव्यात वापरले जातील हा असू शकतो, आणि कामगारांची भीती ‘धूळ खाल्लेला’ असा शिक्का बसला की पुढचं काम मिळणार नाही ही.